ओहळाबद्दल विचारलेले तीन प्रश्न

गेल्या वर्षी जुलैमधल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेआठच्या सुमारास, घोटीच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला एक ओहळ कोणीतरी आधीच उलथून टाकलेला आढळला. पुलापासून वरच्या जांभळापर्यंतचा हा पट्टा तीनशे चाळीस पावलांचा आहे. त्यातल्या दगडांची शेवाळी बाजू खाली गेली होती आणि कोरडी, फिकट बाजू वर आली होती. उलटे दगड मोजायला घेतले आणि साठावर थांबलो. काठच्या मातीतल्या बिळांची तोंडं पहारीने फोडलेली होती. खेकडा एकही दिसला नाही. पट्ट्याच्या तोंडाशी दगडाखाली दाबलेली करवंदीची फांदी उपसून बाजूला फेकली होती. तिची पानं अजून हिरवी होती.

ओहळाचं नाव इथे देत नाही. ते एकदा दिलं होतं. दिलं होतं असंही नाही, त्याबद्दल विचारलं होतं. काय घडलं ते त्या विचारण्यापासून सुरू होतं.

मी नाशकात एका दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. बातमी आली की दुसरीकडून पक्की करून घ्यायची, हे वीस वर्षं चाललं आहे. खेकड्यांचा नाद मात्र अलीकडचा. पहिले तीन पावसाळे दिंडोरीच्या बाजूला गेले. घरापासून जवळ आणि रस्ता चांगला. द्राक्षबागांच्या खालून वाहणारे सात ओहळ पायी पाहिले. पाच ठिकाणी बिळं होती, पण बहुतेकांच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. जाळं न तुटता राहिलं आहे, म्हणजे आतून कोणी बाहेर येत नाही. कारण फवारणी असेल, उपसा असेल, आणखी काही असेल. तपासलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. चौथ्या वर्षी त्र्यंबकच्या बाजूला गेलो. तिथे रविवारी पाण्यात माणसंच इतकी असत की बिळापर्यंत पोचता येत नसे.

पाचव्या वर्षी पद्धत बदलली. पावसाळ्यात सगळेच ओहळ चांगले दिसतात, म्हणून मे महिन्यात हिंडायला सुरुवात केली. फोनवरच्या उपग्रहाच्या नकाशात जिथे उन्हाळ्यातही हिरवी रेघ दिसते तिथे पायी जायचं. खडक कोरडा असला तरी चालतो, पण काठाची माती मुठीत दाबली की गोळा व्हायला हवी. तशी माती असेल तर बीळ ढासळत नाही आणि खेकडा उन्हाळाभर आत ओलाव्यात राहू शकतो. खडकावर नांग्यांचे तुकडे पडलेले असतील तर उत्तम, कारण मुंगूस किंवा बगळा आपल्या आधी तिथे येऊन गेलेला असतो. बिळाच्या तोंडाशी बोटांतून पिळल्यासारखे मातीचे ताजे गोळे असतील तर आत खेकडा आहे. तोंड गुळगुळीत असेल तर हात घालायचा नाही. एकदा अशा बिळातून धामण निघाली. त्यानंतर महिनाभर कुठल्याच बिळाजवळ हात नेताना बोटं सरळ होत नव्हती.

दोन उन्हाळ्यांत एकोणीस ओहळ चाललो. वहीत प्रत्येकाचं एक पान आहे. अठरा पानांवर शेवटी फुली आहे.

एकोणिसाव्या ओहळावर तिसऱ्या दिवशी काठावरच्या बांधावरून एका बाईने हाक मारली.

"काय हरवलं का दादा?"

साठीच्या आसपासचं वय, डोक्याला टापशी, हातात विळा. ओहळाला लागून असलेली भाताची खाचरं त्यांची होती. त्यांच्या आजेसासऱ्यांपासून घर तिथेच आहे, हे नंतर कळलं. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. त्यांनी मला कायम दादाच म्हटलं, आणि राग आला की पेपरवाले.

"बिळं मोजतोय," मी सांगितलं.

"मोजल्यावर वाढत्यात का?"

"कुठे किती आहेत ते कळतं."

"तीन दिस झाले बघतेय. फांदीवरनं पाय टाकून जाता. ती फांदी कशाला हाय, ते नाय मोजलं?"

मी मागे वळून पाहिलं. पट्ट्याच्या तोंडाशी करवंदीची काटेरी फांदी एका दगडाखाली दाबलेली होती. ती तिथे आपोआप आली असेल असं मी धरलं होतं. वहीत तिची नोंद नव्हती. पाड्यातल्या लोकांची ती खूण होती. फांदी असेल त्या पट्ट्यात त्या हंगामात कोणी खेकड्याला दोरी टाकत नाही. फांदी वाळली की ज्याची जागा असेल तो नवी लावतो. या पट्ट्यावर मावशींनी एक हंगाम आधीपासून फांदी ठेवली होती आणि पुढचाही हंगाम ठेवणार होत्या.

कारण त्यांनी तेव्हाच सांगितलं. लेकीचं लग्न झालं होतं. पहिलं बाळंतपण कधी ना कधी माहेरी होणार. त्यांच्या घरात बाळंतिणीला बाराव्या दिवसापासून खेकड्याचा रस्सा देतात, आणि पहिल्या खेपेला तो माहेरच्या पाण्यातल्याच खेकड्याचा लागतो. मावशींना त्यांच्या आईने तसाच दिला होता. सासरच्या गावाला बाजारात खेकडे ढीगभर मिळत होते. त्याने काम भागणार नव्हतं.

"म्हणून राखलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या मोजायसाठी नाय."

पुढची दोन वर्षं त्यांनी मला खालच्या पट्ट्यात, पुलाच्या पलीकडे, दोरी टाकू दिली. गांडुळं दोऱ्यात ओवून दोरा काठीच्या टोकाला बांधायचा, बिळाच्या तोंडाशी हलवायचा, खेकड्याने धरला की घाई न करता ओढून घ्यायचा. घाई केली की तो सोडतो. बाहेर आल्यावर उलटा करून पाहायचं. पोटाखालची झापड निमुळती असेल तर नर, रुंद आणि गोल असेल तर मादी. मादी परत. एका खेपेला सहा नर, त्याच्यावर नाही. दगड उचलला तर होता तसाच, तीच बाजू वर ठेवून परत बसवायचा, कारण खालच्या बाजूला बारकी पिल्लं चिकटलेली असतात. सहाचा आकडा माझा होता. बाकी सगळं मावशींचं.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांनी सांगितलं की लेकीला सहावा लागला आहे. भाद्रपदात आणायची.

जूनच्या शेवटच्या रविवारी नेहमीप्रमाणे बिळं मोजताना मला वरच्या पट्ट्यात, जांभळाच्या मुळांखाली, पाऊस न लागणाऱ्या कोरड्या कपारीत गमबुटाचा ठसा दिसला. ठसा ताजा नव्हता, जुनाही नव्हता. मावशी त्या भागात अनवाणी जातात. मी बांधावर जाऊन विचारलं.

"वर कोणी येतंय का?"

"कोणी नाय."

"नक्की?"

"फांदी हाय ना. पाड्यातलं कोणी जात नाय. बाहेरच्याला ठावं नाय."

हा एक स्रोत झाला. मुख्य रस्त्याला जिथे पाड्याची वाट मिळते त्या फाट्यावर चहाचं एक हॉटेल आहे. मालक तालुक्याच्या दुसऱ्या टोकाचा, चार वर्षांपूर्वी तिथे आलेला. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्याच्या समोरून जाते. पक्कं करायला याच्याहून योग्य माणूस नाही, असं मला वाटलं.

पहिला प्रश्न असा होता: "वरच्या ओहळात कोणी खेकड्याला जातं का?"

"कोणत्या वरच्या?"

मी सांगितलं. पुलापासून डावीकडे, जांभळापर्यंत. चुकीचं ठिकाण धरून मिळालेलं उत्तर उपयोगाचं नसतं, म्हणून नीट सांगितलं.

"नाय बा. तिथं काय हाय?"

दुसरा प्रश्न: "शनिवार-रविवारी पहार-टोपली घेऊन कोणी चढताना दिसलं?"

"नाय साहेब."

तिसरा: "आणि आठवड्यात?"

तो हसला. "नाय म्हणलं ना. चहा गार होतोय."

वहीत लिहिलं: दुसरा स्रोत, नाही. घोटी सोडून महामार्गाला लागलो. वाडिवऱ्ह्याच्या आसपास पाऊस इतका वाढला की गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं. काचेवरचं पाणी पाहत बसलो असताना त्याचा एक प्रश्न परत आठवला. कोणत्या वरच्या, असं त्याने विचारलं होतं. म्हणजे मी सांगेपर्यंत त्याला ते ठिकाण माहीत नव्हतं.

पुढचे दोन रविवार कामात गेले. डेस्कवर दोघे रजेवर होते. मावशींच्या घरात फोन एकच, तो मुलाकडे, आणि मुलगा इगतपुरीच्या एका गोदामात कामाला. त्याला चार वेळा फोन केला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला, आई बरी आहे, का? चौथ्यांदा काय विचारायचं ते ठरवता आलं नाही आणि मीच फोन ठेवला. रोज सकाळी तालुक्याचा पाऊस पाहत होतो. जोराचा असेल तर ओहळ भरून वाहतो आणि दगडांना कोणी हात लावू शकत नाही. त्या पंधरवड्यात पाच दिवस उघाड होती. बायको म्हणाली, बातमीसारखं काय बघताय, जाऊन या ना. गेलो नाही. जाऊन पाहिलं नाही तोवर काहीच पक्कं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी गेलो. जे दिसलं ते सुरुवातीला लिहिलं आहे.

मावशी खाचरात होत्या. लावणी चालू होती. पाच-सहा बाया ओळीने वाकलेल्या, पाठीवर प्लास्टिकचे कागद. मी बांधावर उभा राहिलो.

"फांदी काढलीय," मी म्हणालो.

"काल बघितली." त्यांनी मान वर केली नाही. हातातलं रोप चिखलात खोचलं, पुढचं घेतलं. "तुम्ही कोणाला सांगितलं?"

"सांगितलं नाही."

रोप खोचणं चालू राहिलं.

"फाट्यावर विचारलं होतं. कोणी जातं का म्हणून."

आता त्या उभ्या राहिल्या. "मी बोलले व्हते ना, कोणी येत नाय म्हणून?"

"बोलला होता. पण दुसऱ्याकडून पक्कं करून घ्यायची सवय आहे."

"मंग झालं का पक्कं?"

ओळीतली एक बाई न वळता म्हणाली, "पेपरवाल्यांचं तसंच असतंय बाई. मेल्याच्या दारात जाऊन इचारत्यात, खरंच मेला का." बाकीच्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत.

"लेकीला आणायला दीड महिना हाय," त्या म्हणाल्या आणि परत वाकल्या.

फाट्यावर हॉटेलच्या बाहेर पत्र्याच्या पाटीवर खडूने लिहिलेलं होतं: गावरान खेकडा रस्सा. बाकांवर नाशिककडच्या दोन गाड्यांमधली माणसं बसली होती. मालकाने मला पाहून खुर्ची पुसली.

"बसा साहेब. आज तुमच्या आवडीचं हाय."

"वरच्या ओहळातले?"

"मंग. मला काय ठावं तिथं काय हाय. पेपरातला माणूस एकच गोष्ट तीनदा इचारतो, म्हणलं काहीतरी असणार. मेव्हण्याला म्हणलं, जाऊन ये." तो मोकळेपणाने सांगत होता. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्याच्या बोलण्यात कुठे दिसलं नाही.

"किती निघाले?"

"दोन गोण्या. शुक्रवारी एक, शनिवारी एक."

"माद्या सोडल्या?"

"ते कोण बघतंय, साहेब. काहींच्या पोटाला पिल्लं व्हती बारकी बारकी. धुताना निघून गेली." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "ताट लावू का?"

मी नाही म्हणालो. तिथली फांदी खूण आहे, ती पाड्याची जागा आहे, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, असं कोणी सांगितलं असतं तर मेव्हण्याला पाठवलं नसतं. हे खरं की नाही ते ठरवायला माझ्याकडे काही साधन नाही. त्यानंतर त्याच्याकडचं कोणी गेलं नाही, एवढं मावशींनी सांगितलं.

त्यापुढचे तीन रविवार दगड परत बसवण्यात गेले. उलटा दगड सुलटा करणं एवढंच ते काम नाही. प्रत्येक दगडाची जागा खाली खळीच्या आकाराने कळते, पण पाण्याने खळी भरून आली असेल तर अंदाजाने ठेवावा लागतो. पहिल्या रविवारी मावशी आल्या नाहीत. दुसऱ्या रविवारी बांधावर येऊन बसल्या. मी एक मोठा दगड तिसऱ्यांदा फिरवत असताना म्हणाल्या, "त्याचं तोंड खालच्या अंगाला व्हतं. पाणी आडवत नव्हता तो." तिसऱ्या रविवारी पाण्यात उतरल्या आणि मला काठावर थांबायला सांगितलं. तीन रविवारांत जिवंत खेकडे दिसले ते एकूण चार. त्यातली एक मादी, एका बाजूची नांगी तुटलेली.

त्याच दिवसांत कपारीतला ठसा परत पाहिला. तो तसाच होता. डाव्या टाचेचा बाहेरचा कोपरा उमटलेला नव्हता. घरी आल्यावर माझे गमबूट उलटे करून पाहिले. डाव्या टाचेचा बाहेरचा कोपरा तुटलेला आहे. पुढच्या खेपेला बूट नेऊन ठशावर ठेवून पाहिला. जुळला. हे मावशींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कोणाकडून पक्कं केलं?"

लेक भाद्रपदात आली. पितृपक्षात बाळंत झाली, मुलगी झाली. मुलाचा फोन आला तेव्हा मी दिवस मोजले. बाराव्या दिवसाच्या आदल्या सकाळी घोटीच्या बाजारातून अठरा खेकडे घेतले, नांग्या गवताने बांधलेले, टोपलीत ओला पाला घालून. गाडीत मागच्या सीटवर ती टोपली खरखरत होती. त्यांना पाणी लागतं की हवा, हे तोवर कधी विचारलं नव्हतं. दोनदा थांबून पाला शिंपडला.

मावशींनी टोपली ओट्यावर घेतली. आत लेक भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर बाळ. मावशींनी एकेक खेकडा उचलून उलटा केला.

"कुठले?"

"बाजारातले."

"बाजारात कुठून आले?"

"विकणारी म्हणाली, वरून."

"वरून म्हंजी कुठून?"

मी वही उघडली. वहीत 'वरून' एवढंच होतं.

"जिथं इचारायचं नाय तिथं तीनदा इचारलं. जिथं इचारायचं तिथं एकदा." त्यांनी दोन ढीग केले. नर अकरा, माद्या सात. "लेकीला नाय चालायचे. तिला माहेरचं पाणी पायजे."

आतून लेक म्हणाली, "आई, चालंल की. खेकडा तो खेकडा."

"तू गप बस. तुला तुझ्या पोरीच्या वेळेला कळंल." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "हे नर तुम्ही घरी न्या. माद्या राहू द्या. लेकीला नाय चालायच्या, पाण्याला चालतील."

माद्यांच्या नांग्यांची गवतं त्यांनी दातांनी सोडली. दुपारी आम्ही वरच्या पट्ट्यात गेलो. सात माद्या सात ठिकाणी, वेगवेगळ्या कपारींशी ठेवल्या. पाच लगेच आत गेल्या. दोन तशाच बसून राहिल्या. आम्ही परत निघालो तेव्हाही त्या तिथेच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी एकट्या दोरी घेऊन त्याच पट्ट्यात गेल्या. मी रजा टाकून राहिलो होतो, पण त्यांनी मला ओट्यावर बसायला सांगितलं. मी पुलाकडच्या वाटेकडे पाहत बसलो. लेकीने दोनदा विचारलं, आई आली का. बाळ झोपलं, उठलं, परत झोपलं. पट्ट्यात काही उरलं असेल तर किती, हे कोणालाच माहीत नव्हतं. रिकाम्या हाताने आल्या तर काय बोलायचं, याची दोन-तीन वाक्यं मी मनात तयार केली. एकही बरोबर वाटलं नाही.

साडेतीन तासांनी त्या आल्या. पदरात तीन खेकडे होते, तिन्ही नर, मध्यम. चुलीजवळ त्यांनी ते पाट्यावर ठेचले, रस गाळला, मिरं आणि लसूण घातला. लेकीने वाटीभर रस्सा घेतला. उरलेला मावशींनी झाकून ठेवला.

"किती होते?" मी विचारलं.

"तुम्हाला आकडा सांगायची नाय आता," त्या म्हणाल्या. "तीन घेतले, एवढं लिवा."

या वर्षी जूनच्या शेवटच्या रविवारी त्यांनीच निरोप पाठवला की मोजायला या. करवंदीची नवी फांदी पट्ट्याच्या तोंडाशी होती. मी ती बाजूने ओलांडली. मावशी बांधावर बसल्या होत्या. पुलापासून जांभळापर्यंत तीनशे चाळीस पावलांत ताज्या मातीचे गोळे असलेली बिळं चौदा भरली. अकराव्या बिळाच्या खाली पाण्यात एक दगड होता, तो उचलला. त्याखाली एक मादी होती, एका बाजूची नांगी आखूड, नव्याने फुटलेली. पोटाखाली पिल्लं होती. दगड होता तसा, तीच बाजू वर ठेवून, परत बसवला. तेव्हा सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.